मूत्राशयाची घाई आणि पाण्याचा हिशेब

संकोचामुळे ज्या व्याधींविषयी घरातदेखील बोलले जात नाही, त्यांपैकी मूत्राशयाची अतिक्रियाशीलता ही एक होय. लघुशंकेची भावना अकस्मात व अनावर होणे, दिवसातून आठांहून अधिक वेळा जावे लागणे, रात्री झोपेतून उठावे लागणे आणि कधी पोहोचण्यापूर्वीच वस्त्र ओले होणे, ही तिची लक्षणे आहेत. अशा गृहस्थाचे व्याख्यानास जाणे हळूहळू सुटते. मालाच्या खरेदीसाठी मुंबईची फेरी तो पुतण्यावर सोपवितो. दुकानात बसणाऱ्या भगिनींची अडचण तर याहून मोठी असते. अखेरीस सर्वांत सोपा वाटणारा मार्ग पत्करला जातो, तो म्हणजे पाणी पिणेच सोडणे. हा मार्ग चुकीचा का आहे आणि त्याऐवजी काय करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ते भरत असता त्याच्या भिंतीतील स्नायू शिथिल राहतो व आपण जागेवर पोहोचल्यावरच आकुंचन पावतो. या विकारात तो स्नायू मूत्राशय पुरते भरण्यापूर्वीच आपण होऊन आकुंचन पावू लागतो. घाई होते ती त्यामुळे. आता पाणी तोडले तर मूत्र कमी होते खरे, परंतु ते गडद व तीव्र बनते आणि मूत्राशयास अधिकच चेतविते. मलावरोध झाल्यास भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो. शिवाय सुरतेसारख्या उष्ण शहरात मुतखड्याला व जंतुसंसर्गाला निमंत्रण मिळते, ते वेगळेच.

तथापि अति पाणी पिणे हेही हितावह नव्हे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील वैद्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात, नेहमीच्या पेयांत एक चतुर्थांश घट केल्यावर या विकाराच्या रुग्णांची घाई व रात्रीचे उठणे कमी झाल्याचे आढळले. म्हणजे जो दिवसाला तीन लिटर पितो त्याने कमी करावे. जो मुळातच एक लिटर पितो त्याने मुळीच करू नये. चहा, दूध, ताक व पातळ आमटी धरून एकंदर दीड ते दोन लिटर हे प्रमाण बहुतेकांस पुरते. उन्हाळ्यात व घाम फार येत असता ते वाढवावे. मूत्राचा रंग फिकट पिवळा असणे, ही प्रमाण योग्य असल्याची खूण.

आपले प्रमाण किती, हे अंदाजाने कळत नाही. पेढीवर आपण रोजमेळ ठेवतो, तसाच तीन दिवस या व्यवहाराचाही ठेवावा. एका बाजूस काय प्यालो, किती व केव्हा; दुसऱ्या बाजूस लघुशंका केव्हा व मापाच्या भांड्याने किती. पुष्कळदा दोष एकूण रकमेत नसून वेळेत असल्याचे त्यावरून ध्यानी येते.

चौविहार पाळणाऱ्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. हिवाळ्यात सुरतेस सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. नवकारशीनंतर, म्हणजे सकाळी आठपासून, मोजल्यास पाणी पिण्यास सुमारे दहा तास मिळतात. दिवसभर गिऱ्हाइकांच्या गर्दीत, किंवा दुकानात उकाळलेले पाणी नाही म्हणून, कोरडे राहावयाचे आणि सूर्यास्तापूर्वी तीन-चार पेले एकदम रिचवावयाचे, असे झाल्यास ते पाणी नेमके प्रतिक्रमणाच्या वेळी मूत्राशयात जमते. त्याऐवजी २०० मिलिलिटरचे आठ पेले सव्वा-सव्वा तासाने घेतल्यास १६०० मिलिलिटर सहज होतात. उकाळलेल्या पाण्याची लिटरची बाटली घरून न्यावी व दुपारपर्यंत निम्म्याहून अधिक संपवावी. रात्री न पिण्याचा नियम या विकारात लाभदायकच आहे. ज्यांस तो नियम नाही त्यांनीही निजण्यापूर्वी तीन तास पेये आवरावीत.

दुसरी गोष्ट चहाची. कापडबाजारात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी चहा येतो आणि सौजन्य म्हणून आपणही घेतो. दिवसाअखेर आठ-दहा कप होतात. चहा-कॉफीतील कॅफीन मूत्राशयास चेतविते. दोन कपांवर थांबावे, एरवी पत्तीविना पुदिना-गवती चहाचा उकाळा घ्यावा. मात्र वर्षानुवर्षांची सवय एकदम तोडल्यास डोके दुखते. म्हणून आठवड्याला एकेक कप कमी करावा.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. घाई होताच न धावता स्थिर बसावे, कटीतळाचे स्नायू काही वेळा आवळून सोडावेत, मन अन्यत्र लावावे. वेग ओसरल्यावर सावकाश जावे. दर अर्ध्या तासाने जावे लागणाऱ्याने प्रथम सामायिकाची ४८ मिनिटे हे लक्ष्य ठेवावे आणि पुढे आठवड्यागणिक पाच-दहा मिनिटे वाढवीत तीन तासांपर्यंत पोहोचावे. यास काही महिने लागतात.

मूत्रात रक्त, जळजळ, ताप, बारीक धार किंवा एकाएकी वाढलेली तहान असेल, तर हे उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, जंतुसंसर्ग, मुतखडा किंवा पुरुषग्रंथीची वाढ यांची तपासणी आवश्यक असते. हृदयविकार, मूत्रपिंडविकार अथवा मुतखडा असलेल्यांनी, तसेच मूत्रल औषधे घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण किंवा उपवासाचे पच्चक्खाण डॉक्टरांस विचारूनच ठरवावे. या विकारावर औषधेही आहेत. नडियाद येथे १९७८ पासून मूत्ररोगांचे स्वतंत्र रुग्णालय आहे. तेथे जाण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

घरातील वडीलधारी मंडळी बाहेर जाण्याचे टाळू लागली, पाण्याचा पेला परत करू लागली, तर त्याचे कारण घरच्यांनी आपुलकीने विचारावे. पुष्कळदा एवढे विचारण्यानेच उपचाराचा आरंभ होतो.