फरक फक्त चार न्यूट्रॉनचा!

मिठाच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेलच. याच आयोडीनचं एक भावंड रुग्णालयात थायरॉइडच्या काही कर्करोगांवर औषध म्हणून दिलं जातं. एक रोजच्या आमटीत, तर दुसरं शिशाच्या जाड डब्यात! असं का? उत्तर अणूच्या आत आहे.

प्रत्येक अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं. १९११ मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी ते जगासमोर मांडलं. केंद्रकात धनप्रभार असलेले प्रोटॉन आणि कोणताही प्रभार नसलेले न्यूट्रॉन असतात. बाहेर असतात ऋणप्रभार असलेले, अगदी हलके इलेक्ट्रॉन. आयोडीनचा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा मोठा केला, तर केंद्रक जेमतेम वाटाण्याएवढं भरेल. तरीही जवळजवळ सगळं वस्तुमान त्या वाटाण्यातच!

मूलद्रव्य कोणतं, हे प्रोटॉनची संख्या ठरवते. ५३ प्रोटॉन म्हणजे आयोडीनच. मिठातल्या आयोडीनमध्ये ७४ न्यूट्रॉन असतात. ५३ आणि ७४ मिळून आयोडीन-१२७. औषधातल्या आयोडीनमध्ये ७८, म्हणून ते आयोडीन-१३१. अशा भावंडांना समस्थानिकं म्हणतात.

थायरॉइड ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. अणूचं रासायनिक वागणं इलेक्ट्रॉन ठरवतात आणि ते दोन्हींत सारखेच. त्यामुळे ग्रंथीला फरक कळत नाही. ती औषधी आयोडीनही शोषून घेते.

पण आयोडीन-१३१ चं केंद्रक अस्थिर असतं. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. तो शरीरात जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो आणि जवळच्या पेशी नष्ट करतो. अणूत आता ५४ प्रोटॉन, म्हणजे आयोडीनचा झाला झेनॉन!

सोबत गॅमा किरणही निघतात आणि ते शरीराबाहेर पडतात. म्हणूनच मोठा डोस घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. दर आठ दिवसांनी या आयोडीनचे निम्मे अणू उरतात, शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

तुमच्या घरात कुणाला हे औषध दिलं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांना आणि गर्भवतींना त्यांच्यापासून दूर ठेवा. हा संसर्गजन्य आजार नाही, त्यामुळे मनातून मात्र दूर जाऊ नका. व्हिडिओ कॉल करा, गप्पा मारा. अंतर फक्त काही दिवसांचं आहे.