थांबा, म्हणजे लवकर पोचाल!

सकाळचे आठ वाजलेत. नऊला मीटिंग. समोर फ्रीवेवर गाड्या मस्त पळतायत आणि तुम्ही मात्र त्याला जोडणाऱ्या रॅम्पवर लाल दिव्यापुढे अडकलात. हिरवा लागला की एकच गाडी सुटते, पुन्हा लाल. पुढे अजून पंधरा गाड्या. डोकं फिरणारच ना, बॉस?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत लोकांचं डोकं असंच फिरलं होतं. या दिव्यांना म्हणतात ‘रॅम्प मीटर’. डिक डे या तिथल्या राज्य सिनेटरने त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली. शेवटी विधिमंडळाने फर्मान काढलं : दिवे बंद करा आणि काय होतं ते बघा! ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ४३० मीटर बंद झाले, ते जवळजवळ आठ आठवडे.

मग काय, सगळे खूश? छे! फ्रीवेवरचा प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला. गर्दीच्या वेळचे अपघात २६ टक्क्यांनी वाढले. आणि गंमत म्हणजे फ्रीवेवरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या ९ टक्क्यांनी घटली.

नरसाळ्याचा फंडा

हे असं उलटं का? नरसाळ्यात तांदूळ एकदम ओतले तर अडकतात, हळूहळू सोडले तर सुळकन जातात. फ्रीवेचंही तेच. रॅम्पवरून दहा गाड्या एकदम घुसल्या की मागचे ब्रेक मारतात, त्यांच्या मागचेही मारतात. एकदा कोंडी झाली की त्याच रस्त्यावरून आधीपेक्षा कमी गाड्या बाहेर पडतात. १९६३ मध्ये शिकागोच्या आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवर चक्क एक पोलीस रॅम्पवर उभा राहून गाड्या एकेक करून सोडायचा. मीटर म्हणजे त्या पोलिसाचा इलेक्ट्रॉनिक अवतार!

पण लोकांची तक्रार काही खोटी नव्हती. लांबून येणारा आधीच फ्रीवेवर असतो, तो सुसाट जातो. रॅम्पवरचा मात्र त्याच्यासाठी ताटकळत बसतो. मीटरमुळे शहराचा एकूण वेळ वाचत असेल, पण तुमचा जातोय त्याचं काय?

खोट्या गाड्या, खरे प्रश्न

म्हणून मीटर परत सुरू करताना नियम बदलायचं ठरलं. साध्या रॅम्पवर कुणालाही चार मिनिटांपेक्षा जास्त थांबवायचं नाही, दोन फ्रीवे जोडणाऱ्या रॅम्पवर दोन मिनिटं. पण याची किंमत किती? दर वेळी अख्खं शहर वेठीला धरून थोडंच बघता येतं?

इथे कामाला आलं सिम्युलेशन. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथले फ्रीवे कॉम्प्युटरवर उभे केले. यात प्रत्येक गाडी वेगळी आणि तिचा ड्रायव्हरही वेगळा. कुणी घाईतला, कुणी बिचकणारा. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, लेन कधी बदलायची, हे जो तो आपापलं ठरवतो. रस्त्यात पुरलेले सेन्सर दर ३० सेकंदांनी गाड्या मोजतात. त्या आकड्यांशी पडद्यावरची कोंडी जुळली, तरच मॉडेल पास. मग तीच सकाळ पुन्हा पुन्हा चालवायची : एकदा मीटरशिवाय, एकदा जुन्या नियमाने, एकदा नव्या. कुणाचाही ऑफिसला लेटमार्क न लागता!

उत्तर काय आलं? नव्या नियमाने रॅम्पवरचं ताटकळणं कमी झालं, पण जुन्याच्या तुलनेत फ्रीवेवरचा उशीर वाढला. फुकट काहीच नाही.

अर्थात, पडद्यावरच्या ड्रायव्हरला जेवढं शिकवाल तेवढंच तो करतो. खरा माणूस वैतागून गल्लीबोळातून गाडी काढतो, नाहीतर घरातूनच अर्धा तास आधी निघतो. हे मॉडेलमध्ये घातलं नाही, तर उत्तर चुकणारच.

आणि एक गोष्ट कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. कुणी कुणासाठी किती थांबायचं? चार मिनिटांचा आकडा माणसांनीच ठरवला. कॉम्प्युटरने फक्त त्याचं बिल दाखवलं.

तेव्हा कधी ऑनसाइटला गेलात आणि रॅम्पवर लाल दिवा लागला, तर हॉर्नवरचा हात काढा. तुम्ही थांबताय म्हणून पुढचा रस्ता पळतोय. आणि दोनच मिनिटांत त्या पळणाऱ्यांत तुम्हीही असाल!