‘ताबा सुटला’ : हिवाळी अपघात, स्पोर्ट्स कार आणि नुकसानीचे शब्दांकन

अपघातानंतर मोटारीच्या नुकसानीचा निकाल जितका गॅरेजमध्ये लागतो तितकाच तो कागदावर लागतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी सहसा विचारात घेतलेली नसते. प्रस्तुत लेखकाच्याही ती ध्यानात आली ती योगायोगानेच. २०१९ च्या जानेवारीत संशोधनाच्या निमित्ताने उत्तर इंग्लंडमध्ये असताना तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी डॉक्टरांनी, विमा कंपनीच्या फॉर्मात काय लिहावे, असा प्रश्न माझ्यापुढे ठेवला. त्यांची इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार होती. तेव्हा अडचण शब्दसंग्रहाची नव्हती हे उघड आहे.

घडले होते ते असे. डॉक्टरांकडे लोटस कंपनीची ‘एलिस’ ही दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार होती. डर्बीशरच्या डोंगराळ भागात पहाटेच्या वेळी एका उतारावरील वळणावर ती सरळ पुढे घसरत गेली आणि शेताच्या दगडी कुंपणावर आदळली. रस्त्यावर बर्फ दिसत नव्हते. इंग्रजीत ज्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात ते वस्तुतः काळे नसते. तो बर्फाचा पातळ, पारदर्शक थर असतो व त्यातून खालचे काळे डांबर दिसते. नाव थराला मिळाले, रंग मात्र रस्त्याचा आहे.

अशा थरावर काय घडते हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. गाडीचा वेग ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर होता असे डॉक्टरांचे म्हणणे. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला तर या वेगातील गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरांत थांबते. बर्फावर तो ०.१ धरला तर तिला ४० मीटर लागतात. त्यात टायर उन्हाळी होते. अशा टायरांचे रबर तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊ लागते व त्याची पकड कमी होते. ब्रिटनमध्ये हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे नाहीत, म्हणून डॉक्टरांकडून नियमभंग झालेला नव्हता. तथापि टायरांचा उल्लेख करावा की टाळावा, येथपासूनच त्यांचा संभ्रम सुरू झाला.

फॉर्मातील पहिला प्रश्न, अपघात कसा घडला ते आपल्या शब्दांत लिहा, असा होता. डॉक्टरांनी मला सांगताना म्हटले होते, “ताबा सुटला आणि गाडी भिंतीला लागली.” त्याच अर्थाचे सहज इंग्रजी वाक्य त्यांनी लिहिले ते असे : ‘आय लॉस्ट कंट्रोल अँड हिट द वॉल.’ लिहून झाल्यावर मात्र आपण कबुलीजबाब देऊन बसलो की काय, अशी शंका त्यांना आली. ही शंका व्याकरणाच्या दृष्टीने अगदी रास्त आहे.

मराठी वाक्यात कर्तृपद ‘ताबा’ या शब्दाकडे आहे. ताबा सुटतो, गाडी घसरते, गाडी लागते. तिन्ही क्रियापदे अकर्मक. चालक वाक्यात आलाच तर ‘माझा ताबा’ असा षष्ठीच्या आडोशाने येतो. इंग्रजी वाक्यात ‘आय’ हा एकच कर्ता दोन्ही क्रियापदांना पुरतो, व त्यांतील दुसरे, ‘हिट’, तर भिंतीवर केलेल्या कृतीसारखे भासते. मराठीत तसे म्हणावयाचे झाल्यास ‘मी गाडी ठोकली’ असे म्हणावे लागेल. येथे प्रथमपुरुषी ‘मी’ला ‘ने’ प्रत्यय लागत नाही. ‘त्याने गाडी ठोकली’ यात तो स्पष्ट दिसतो, ‘मी’च्या बाबतीत केवळ क्रियापदाच्या कर्माशी होणाऱ्या अन्वयावरून ओळखावा लागतो. या दोन टोकांच्या मध्ये मराठीने आणखी एक सोय ठेवली आहे : ‘माझ्या हातून गाडी ठोकली गेली.’ ‘हातून’ या शब्दाने कृती आपली होती हे मान्य होते आणि हेतू आपला नव्हता हेही त्याच दमात सांगितले जाते. हे दोन्ही एकाच रूपात सांगण्याची सोय इंग्रजीत सहजी नाही. तेथे ‘बाय मी’ लिहिले तर हेतूसाठी वेगळे क्रियाविशेषण जोडावे लागते, आणि जोडलेले क्रियाविशेषण सबबीसारखे वाटते.

‘लागणे’ या क्रियापदाविषयी एक गमतीची गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. डॉक्टरांच्या आईंनी साताऱ्याहून फोनवर विचारले, “लागलं का रे कुठं?” डॉक्टर उत्तरले, “भिंतीला.” क्षणभर माऊलीचा जीव भांड्यात पडेना. स्पर्श, आघात आणि इजा या तिन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, आणि एरवी आपले काही अडत नाही.

शब्दनिवड ऐकणाऱ्याच्या अंदाजावर परिणाम करते, ही केवळ व्याकरणकाराची कल्पना नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असेल. मोटारींच्या टकरीच्या त्याच फिल्म दाखवून निरनिराळ्या प्रेक्षकांना वेगाविषयी प्रश्न विचारण्यात आला. बदलले ते केवळ क्रियापद. मोटारी एकमेकींवर ‘आदळून चुराडा झाल्या’ अशा अर्थाचे ‘स्मॅश्ड’ हे क्रियापद वापरले तेव्हा वेगाच्या अंदाजांची सरासरी ताशी ४०.५ मैल आली. नुसता स्पर्श सुचविणारे ‘कॉन्टॅक्टेड’ वापरले तेव्हा ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर, फुटलेली काच पाहिली का, असे विचारले असता पहिल्या क्रियापदाच्या गटातील ५० पैकी १६ जणांनी होय म्हटले. ‘हिट’ हे क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. पुढे २०१० मध्ये कॅटलिन फॉसी व लेरा बोरोडिट्स्की यांनी उपाहारगृहातील एका आगीच्या वर्णनावरून असे दाखविले की, सकर्तृक वाक्ये वाचणारे वाचक त्या व्यक्तीला अधिक दोष देतात आणि तिच्याकडून नुकसानभरपाईही अधिक मागतात.

मग डॉक्टरांनी अकर्तृक वाक्यांचा आश्रय करावा काय? माझे मत तसे पडले नाही. सर्वंकष विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान चालकाच्या सामान्य चुकीमुळे झाले तरी भरून मिळते. चुकीसाठीच तर बहुतेक लोक तो विमा उतरवितात. उलट दाव्यात कपट केल्यास २०१५ च्या ब्रिटिश विमा कायद्यानुसार कंपनीवर तो दावा देण्याचे बंधन राहत नाही. म्हणजे कर्तेपण लपविण्यात लाभ नव्हता, धोका मात्र होता. शेवटी आम्ही निष्कर्षवाचक शब्द गाळून दृष्ट गोष्टी तेवढ्या लिहिल्या : वेळ, उतार, स्पीडोमीटरवर पाहिलेला वेग, उन्हाळी टायर, ब्रेक दाबल्याचे स्थान, चाके न वळता गाडी किती अंतर गेली, भिंतीचा किती लांबीचा भाग ढासळला. भिंत दुसऱ्याची होती व तेथे कोणीच हजर नव्हते, म्हणून १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्यातील कलम १७० प्रमाणे चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर देणे आवश्यक होते. ते काम डॉक्टरांनी त्याच दिवशी उरकले होते.

खरा घोळ पुढेच होता. एका गॅरेजच्या माणसाने गाडी बाहेरून पाहून नुकसान ‘कॉस्मेटिक’ आहे, म्हणजे केवळ वरवरचे आहे, असा शेरा दिला. डॉक्टर आनंदले आणि गाडी तशीच चालवीत घरी न्यावयास निघाले. या एका विशेषणाने मला बेंजामिन ली व्हॉर्फची आठवण झाली. व्हॉर्फ हा पेशाने हार्टफर्ड येथील अग्निविमा कंपनीतला तपासनीस होता. पेट्रोलची पिंपे ‘रिकामी’ म्हटली की त्यांच्याजवळ लोक निष्काळजीपणे धूम्रपान करतात, वस्तुतः बाष्पामुळे तीच अधिक धोक्याची असतात, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण १९४१ मध्ये प्रकाशित झालेल्या लेखात आहे. व्हॉर्फच्या व्यापक सिद्धान्ताविषयी मी साशंक आहे. पण विम्याच्या फायलींतून काढलेली त्याची निरीक्षणे मला नेहमीच भक्कम वाटत आली आहेत.

एलिसच्या बाबतीत ‘वरवरचे’ हा शब्द विशेष फसवा का, हे तिच्या रचनेवरून कळते. १९९६ मध्ये उत्पादनास आलेल्या या गाडीचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एपॉक्सीने चिकटवून केलेला असून त्याचे वजन अवघे ६८ किलोग्रॅमच्या आसपास आहे. त्यावर फायबरग्लासचे कवच असते. पुढचा भाग जवळजवळ एकसंध. सांगाड्याच्या पुढे आघाताची ऊर्जा शोषून घेणारी एक फायबरग्लासची पेटी चिकटवलेली असते आणि रेडिएटर तिच्यातच बसविलेला असतो.

आता आपले नुकसानवाचक शब्द पाहावेत. पोचा, चेपणे, चेंबणे हे सारे पत्र्याचे शब्द आहेत. पत्र्याला पोचा पडतो व आघात किती झाला याची खूण मागे राहते. कारागीर तो ठोकून काढतो. फायबरग्लासला पोचा पडत नाही. ते दबते, पुन्हा मूळ जागी येते, आणि वर केसासारखा तडा तेवढा दिसतो; आतील थर सुटले असतील तर ते बाहेरून कळत नाही. पत्र्यावर घडलेल्या भाषेने येथे पाहणी केली की ‘पोचा नाही, म्हणजे विशेष काही नाही’ असा निष्कर्ष आपोआप निघतो. चिकटवलेल्या सांगाड्याला वेल्डिंगही चालत नाही. उष्णतेने सांधा व मिश्रधातू दोन्ही दुबळे होतात. सांगाडाच वाकला असेल तर सहसा तो बदलावा लागतो, आणि जुन्या गाडीच्या किमतीत ते बसत नाही.

डॉक्टरांना मी एवढेच सुचविले की, पुढचे कवच उतरवून पाहणी झाल्याशिवाय गाडी सुरू करू नये व गॅरेजकडून विशेषणाऐवजी भागवार वर्णन लेखी घ्यावे. लोटसच्या कामात मुरलेल्या दुसऱ्या कारागिराने कवच उतरविले. पेटी फुटली होती, रेडिएटर गळत होता, सांगाड्याची मापे मात्र जुळली.

तरीही दुरुस्तीचा खर्च पाहता कंपनीने गाडी ‘राइट-ऑफ’ ठरविली. या शब्दाचा अर्थ गाडी नष्ट झाली असा नाही. दुरुस्त करून देणे कंपनीला परवडत नाही एवढाच आहे. आपल्याकडचा ‘टोटल लॉस’ हा शब्दही असाच गैरसमज करून देतो. ब्रिटिश विमा कंपन्यांच्या संघटनेच्या संहितेत अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत : ‘ए’ म्हणजे संपूर्ण भंगार, ‘बी’ म्हणजे केवळ सुटे भाग काढण्याजोगी, ‘एस’ म्हणजे सांगाड्याशी निगडित पण दुरुस्त होण्याजोगे नुकसान, ‘एन’ म्हणजे सांगाड्याव्यतिरिक्तचे. ऑक्टोबर २०१७ पूर्वी शेवटच्या दोहोंच्या जागी ‘सी’ व ‘डी’ होते आणि त्यांतील भेद दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून अधिक की कमी, यावर होता. म्हणजे पूर्वीचे नाव पैशाचे वर्णन करी, आताचे नाव वस्तूचे करते. अरबी ‘नुकसान’ शब्दाचा मूळ अर्थ उणेपणा, घट. या दृष्टीने जुनी पद्धत शब्दाला अधिक इमानी होती म्हणावयास हरकत नाही. पण पुढच्या खरेदीदाराला माहिती हवी असते ती किमतीची नव्हे, सांगाड्याची.

पुढील पेटी हा रचनेचा भाग की जोडलेला भाग, यावर ‘एस’ की ‘एन’ ठरावयाचे होते. कारागिराचे भागवार वर्णन पाहून कंपनीच्या अभियंत्याने ‘एस’ दिले. डॉक्टरांना ते मनातून रुचले नाही, कारण त्या एका अक्षराने गाडीची पुनर्विक्रीची किंमत उतरते. परंतु पेटी फुटली होती हे त्यांनी स्वतः पाहिले होते. भरपाईतून भंगारमूल्य वजा करून त्यांनी गाडी परत घेतली, नवी पेटी बसवून घेतली, आणि टायर तेवढे हिवाळी घातले.