आधी कुणाला सांगायचं?

१६ एप्रिल २०२० रोजी दक्षिण दिल्लीतली एक बातमी देशभर पोचली. पिझ्झा पोचवणारा एक तरुण कोविड पॉझिटिव्ह निघाला होता आणि ज्यांच्या दारात त्यानं आधीच्या काही दिवसांत डबे दिले, अशा ७२ घरांना जिल्हा प्रशासनानं होम क्वारंटाइनमध्ये बसवलं होतं. हौज खास, मालवीय नगर, सावित्री नगर ही नावं टीव्हीवर दिवसभर झळकत होती. रेस्टॉरंट बंद झालं. त्याच्या काही ऑर्डरी आपल्या ॲपवरून गेल्याचं झोमॅटोनं निवेदन काढून सांगितलं. काही दिवसांनी त्याच्या सोळा सहकाऱ्यांचे अहवाल निगेटिव्ह आले, पण ती बातमी पहिलीच्या पासंगालाही पुरली नाही.

तेव्हापासून प्रत्येक दुकानदारापुढे प्रश्न उभा राहिला. आपल्याकडचा माणूस बाधित निघाला तर गिऱ्हाइकाला सांगायचं का? आपल्याकडे त्याला लेखी उत्तर नव्हतं. साथीचा कायदा १८९७चा, मुंबईतल्या प्लेगच्या धास्तीतून घाईनं झालेला, मोजक्या चार कलमांचा. त्यानं सरकारला अधिकार दिले. मालकानं कामगाराला काय सांगावं, दुकानदारानं गिऱ्हाइकाला काय सांगावं, याबद्दल त्यात अक्षर नाही. त्यामुळे जे झालं ते त्या त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या आणि मालकाच्या मर्जीनं झालं.

मधल्या काळात कंपन्यांनी स्वतःचं उत्तर शोधलं आणि ते मला आजही खटकतं. खाणं पोचवणाऱ्या ॲपवर रायडरच्या अंगाचं तापमान दिसू लागलं. पार्सलवर चिठ्ठी असायची: बनवणाऱ्याचं तापमान इतकं, बांधणाऱ्याचं इतकं, आणणाऱ्याचं इतकं. लक्षणं दिसण्याआधीच हा आजार पसरतो हे तोवर कळत होतं, म्हणजे त्या आकड्याचा उपयोग फारच थोडा होता. पण दोनेकशे रुपयांच्या ऑर्डरीबरोबर एका माणसाच्या शरीराची नोंद अनोळखी घरात जात होती, आणि दार उघडणाऱ्याच्या घरात कुणी आजारी आहे का, हे रायडरला कुणी सांगत नव्हतं.

शिवाय डब्याची भीती वाटली तेवढी खरी नव्हती. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यानं संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचं अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं एप्रिल २०२१मध्ये सांगितलं. तोवर वर्षभर आपण भाजी सोड्यात धूत होतो.

गिऱ्हाइकाला सांगणं खरोखर गरजेचं असतं ते कुठे? मे २०२०मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, स्प्रिंगफील्ड शहरात, एका सलूनमधल्या दोन केशकर्तनकारांना लक्षणं असतानाही त्या काम करत राहिल्या. बंद खोली, हातभर अंतर, प्रत्येकाजवळ पंधरा-वीस मिनिटं. दोघींनी मिळून १३९ गिऱ्हाइकांचे केस कापले होते. सलूनकडे वेळा नोंदवलेल्या असल्यामुळे आरोग्य खात्याला प्रत्येकापर्यंत पोचता आलं. शहरानं सलूनचं नाव जाहीर केलं. दोघींची नावं मात्र अहवालात फक्त ‘ए’ आणि ‘बी’ अशी राहिली. त्या १३९पैकी कुणालाही लक्षणं दिसली नाहीत, आणि चाचणी करून घेतलेल्या ६७ जणांचे अहवाल निगेटिव्ह आले. दोघींनी आणि जवळपास सगळ्या गिऱ्हाइकांनी मास्क घातले होते. सांगण्याची ही रीत मला पटते: जागा सांगितली, तारखा सांगितल्या, माणूस झाकला, आणि जे खरोखर जवळ बसले होते त्यांना शोधून सांगितलं.

पण साथीच्या त्या दोन वर्षांकडे मागे वळून पाहताना वाटतं, आपण सगळा वाद गिऱ्हाइकाभोवतीच घातला. मे २०२०मध्येच दक्षिण कोरियात, बुचॉनमधल्या कूपांग या ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामातून साथ पसरली आणि बाधितांचा आकडा दीडशेवर गेला. लोकांनी विचारलं, आमच्या घरी आलेली खोकी सुरक्षित आहेत ना? खोक्यांमधून कुणाला लागण झाल्याचं आढळलं नाही. झाली ती खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या, एकाच कँटीनमध्ये जेवणाऱ्या माणसांना. पहिला रुग्ण कळल्यावरही आम्हाला वेळेत सांगितलं नाही, कामावर ठेवलं, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्यात जून २०२०अखेर आठ हजारांवर कामगारांपैकी १४० बाधित आणि दोघांचा मृत्यू, हे आकडे कंपनीनं दिले. जुलैत संख्या अडीचशेवर गेली. काही दिवस कारखाना बंद ठेवा, असं कामगार संघटना म्हणत होती. काम चालूच राहिलं. ज्यांची मोटरसायकल तिथे तयार होत होती त्यांना यातून काडीचा धोका नव्हता. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला होता.

कॅलिफोर्नियानं हे ओळखलं. सप्टेंबर २०२०मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२१पासून लागू झाला: कामाच्या जागी रुग्ण आढळला की मालकानं कामाच्या एका दिवसात कामगारांना लेखी कळवायचं, नाव न सांगता. गिऱ्हाइकांना कळवण्याची सक्ती त्यात नव्हती. ॲमेझॉननं १ ऑक्टोबर २०२०ला आपल्या अमेरिकेतल्या १३,७२,००० कामगारांपैकी १९,८१६ बाधित किंवा संशयित असल्याचं जाहीर केलं होतं. सबंध देशाचा हा आकडा एका गोदामातल्या माणसाला काय सांगणार? त्याला आपल्या गोदामाचा आकडा हवा होता. नोव्हेंबर २०२१मध्ये, गोदामनिहाय नवे रुग्ण कामगारांना नीट कळवले नाहीत या तक्रारीवर ॲमेझॉननं कॅलिफोर्नियाला पाच लाख डॉलर देऊन तडजोड केली.

ऑरेगन राज्य तर पाच किंवा अधिक रुग्ण निघालेल्या मोठ्या कामाच्या जागांची यादी दर आठवड्याला नावानिशी छापत असे. ते काम सरकारचंच, असं माझं ठाम मत आहे. एकट्या दुकानदारानं प्रामाणिकपणे पाटी लावली तर त्याचंच गिऱ्हाईक तुटतं आणि लपवणाऱ्या शेजाऱ्याचा धंदा वाढतो. सगळ्यांना एकच नियम असेल तरच खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत नाही.

आणि हे सगळं सुरू होतं कामगारानं ‘मला बरं नाही’ असं तोंडानं म्हणण्यापासून. ज्याचा दिवसाचा पगार बुडतो, ज्याचा ॲपवरचा आयडी बंद होतो, घरमालक ज्याला खोली सोडायला सांगतो, तो का म्हणेल? मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात होम क्वारंटाइनमध्ये बसवलेल्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले तेव्हा लोक बाह्या खाली ओढून चालत होते. पगारी रजा हातात नसेल तर कळवण्याचा कोणताही नियम पहिल्याच पायरीवर अडतो.

कॅलिफोर्नियाचा तो कायदा आधी सैल झाला, लेखी सूचनेऐवजी भिंतीवरची नोटीस चालू लागली, आणि १ जानेवारी २०२४ला त्याची मुदत संपली. आपल्याकडे २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर काम करणाऱ्यांची पहिल्यांदा दखल घेतली गेली, पण रायडर आजारी पडला तर पगारी रजेचा हक्क तिथेही त्याला मिळालेला नाही.