छापील पुस्तक की ई-बुक? आमच्या घरातल्या अकरा पेट्यांचा प्रश्न

आजचा विषय तसा जुनाच आहे. छापील पुस्तक बरं की ई-बुक? यावर बोलायला बसलं की पाच मिनिटांत गाडी कागदाच्या वासावर येते. तो वास मलाही आवडतो. पण आज त्याबद्दल बोलणार नाही, कारण आमच्या घरी हा प्रश्न आला तो डोळ्यांमुळे आणि जागेमुळे.

गेल्या वर्षी बाबा इंदूरचं घर बंद करून आमच्याकडे हैदराबादला राहायला आले. वय ८१. सोबत कपड्यांच्या दोन बॅगा आणि पुस्तकांच्या अकरा पेट्या. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, त्यामुळे काही पेट्या पलंगाखाली, काही दाराआड, एक तर चक्क फ्रिजशेजारी. आणि एवढं सगळं आणूनही त्यातलं एकही पुस्तक बाबांना धड वाचता येत नव्हतं. मोतीबिंदू कधीच काढलाय, पण डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज झालीय. कडेचं दिसतं, नेमकं समोरचं अक्षर पुसट होतं. भिंग घेऊन वाचायचे, दहा मिनिटांत मान दुखायला लागायची आणि पुस्तक मिटून ठेवायचे. आई गेल्यापासून वाचन हाच त्यांचा दिवस होता.

म्हणून मी ई-रीडर घेतला. बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आता या वयात पाटी देतेस होय मला?" तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव पाटी.

आधी हे यंत्र समजून घेऊ, कारण बरेच जण मोबाईलवर एखादी पीडीएफ वाचून 'ई-बुक आपल्याला जमत नाही' असं ठरवून टाकतात. मोबाईलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाइतक्या बारीक कुप्या असतात, त्यांत काळे आणि पांढरे कण, एकमेकांच्या उलट विद्युतभाराचे. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. उमटलेलं पान तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एका चार्जिंगवर आठवडेच्या आठवडे निघतात. दिवा असतो, पण तो कडेने पडद्यावर उजेड टाकतो. 'ई-बुकने झोप उडते' हे सांगणारा २०१४ चा जो अमेरिकेतला प्रयोग नेहमी पुढे केला जातो, तो १२ जणांवर झाला होता आणि त्यांच्या हातात उजळ पडद्याचा टॅब्लेट होता, ई-शाईची पाटी नव्हे.

पाटीवर बाबांनी अक्षर एवढं मोठं केलं की पानावर जेमतेम सहा ओळी मावतात. पण वाचायला लागले! तीन दिवसांत एक कादंबरी संपली. मग त्यांनी एका जुन्या प्रवासवर्णनाची फर्माईश केली. ते मला पीडीएफ म्हणून मिळालं, आणि तिथे आमची गाडी अडली.

पीडीएफ आणि खरं ई-बुक यांतला फरक इथे लक्षात येतो. खऱ्या ई-बुकमध्ये मजकूर अक्षरांच्या रूपात असतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो. मोठा केला की अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. मग बोटाने पान डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, पुढची ओळ शोधा. बाबांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, "याच्यापेक्षा भिंग बरं."

मग सगळीच पुस्तकं नीट ई-बुक का होत नाहीत? मराठीत याला एक खास कारण आहे. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडची पुस्तकं अशा फॉन्टमध्ये जुळवलेली असत, ज्यांत संगणकाच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरंच होती, फक्त पडद्यावर त्यांचं रूप देवनागरी दिसायचं. ती फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली की निव्वळ कचरा दिसतो. ती युनिकोडमध्ये आणायची तर रूपांतर करावं लागतं, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरं तपासत पुन्हा पूर्ण मुद्रितशोधन. खपाची खात्री नसलेल्या पुस्तकासाठी हा खर्च कोण करणार? किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली तीच मुळी डिसेंबर २०१६ मध्ये. इंग्रजी किंडल त्याआधी नऊ वर्षं बाजारात होतं.

रूपांतरात सगळ्यात आधी बळी जातो तो आपला अर्धा र. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत किती फरक आहे! पहिले गुरुकुलात, दुसरे लग्नाच्या मांडवात कढईशी. हिंदीला हे रूप लागत नाही, त्यामुळे घाईने केलेल्या ई-बुकात 'वाऱ्यावर'चं 'वार्‍यावर', 'वार्यावर' काहीही होतं. 'ल' आणि 'श' सुद्धा बहुतेक वेळा हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्टमध्ये मराठी वळण असलं तरी ते दिसण्यासाठी पुस्तकात 'भाषा: मराठी' अशी नोंद करावी लागते, आणि ती करायची राहून जाते. बाबांना हिंदी वळणाचा 'ल' पाहून राग येतो. मला वाटतं, तो राग रास्त आहे. आपण मात्र ई-बुकला नावं ठेवतो, मूळ दोष आळशीपणे केलेल्या कामाचा असतो.

समजण्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. वाचणारे एकूण १ लाख ७० हजारांहून अधिक. माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त समजतो, विशेषतः वेळ बांधून दिला असेल तर. कथा-कादंबरीत मात्र फरक आढळला नाही. पुढच्या वर्षी नॉर्वेच्या आन्ने मांगेन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना एकच लांब कथा वाचायला दिली, निम्म्यांना कागदावर, निम्म्यांना किंडलवर. बहुतेक बाबतींत दोघे सारखेच. पण कोणती घटना आधी, कोणती नंतर, हे कागदवाल्यांना जास्त नीट सांगता आलं. मला हे पटतं. छापील पुस्तकात वाचलेल्या पानांची जाडी डाव्या हाताला कळत असते. पाटीवर सगळंच ३७ टक्के, ३८ टक्के. माझी सवय आता अशी झालीय: कादंबरी पाटीवर, इतिहास किंवा वैचारिक पुस्तक कागदावर.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट. पुस्तकाची किंमत दोनशे आणि पाठवणावळ शंभर, हे तुम्हाला नवं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट बंद झाली. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आली आहे. ई-बुकला ना टपाल, ना वाट पाहणं. गंमत म्हणजे छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि ई-बुकवर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-बुकवरचा कर २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. जुनं वाचणाऱ्यांनी मराठी विकिस्रोत जरूर पाहावा. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो, म्हणून साने गुरुजींचं लेखन २०११ पासून सर्वांना खुलं आहे.

पण एका बाबतीत मी छापील पुस्तकाचीच बाजू घेईन. ई-बुक 'विकत घेतलं' असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या लोकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. तरी न विचारता वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक गेलं होतंच. आणि मी विकत घेतलेली ई-बुकं लेकीच्या नावावर करता येत नाहीत. बाबांच्या पेट्या मात्र कुणाच्याही परवानगीशिवाय इंदूरहून हैदराबादला आल्या.

त्या पेट्या आम्ही दिवाळीत उघडल्या. पाटीवर नीट मिळणारी पुस्तकं आधी बाजूला काढली. अशी पाच पेट्या भरली, ती इथल्या मराठी ग्रंथालयाला दिली. आईच्या पेन्सिलच्या खुणा असलेली दोन पेट्या पुस्तकं ठेवली. रात्री बाबा पाटीवर वाचतात, तेव्हा माझी लेक तेच छापील पुस्तक मांडीवर घेऊन शेजारी बसते आणि आजीने समासात काय लिहिलंय ते वाचून दाखवते. शाळेत हिंदी असल्यामुळे तिला अक्षरं येतात, 'ळ'ला तेवढी अडखळते. परवा एका पानावर आईने मोठ्ठं 'खोटं!' लिहिलेलं सापडलं. बाबा बराच वेळ हसत होते.

उरलेल्या चार पेट्या अजून पलंगाखाली आहेत. त्यांतली बरीचशी पुस्तकं आता छापीलही मिळत नाहीत आणि ई-बुक म्हणूनही नाहीत.