दम आधी येतो, नडगी मागून

कर्जत ते खोपोली रेल्वेमार्ग जेमतेम १५ किलोमीटरचा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात ती बहुतेक पोलीस भरतीची पोरं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि सारी लढाई घड्याळाशी. त्यामुळे पळणं म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढे तेच येतं, जीव खाऊन धावणं. मग चाळिशीतला एखादा दुकानदार किंवा शिक्षिका उद्यापासून पळायचं ठरवते, तीही तशीच सुटते. दोनशे मीटरवर कुशीत कळ येते, धाप लागते, आणि हे आपलं काम नाही असं ठरवून ती घरी परतते.

खरं तर ती हरलेली नसते. ती फक्त फार जोरात निघालेली असते.

न थांबता पळता आलं तरच ते पळणं, हा पहिला गैरसमज. आज जगभर नवशिक्यांसाठी सर्रास वापरला जाणारा ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा आराखडा जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ साली तयार केला. त्याचा पहिला दिवस असा: पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं, हेच वीस मिनिटं आलटून पालटून. म्हणजे पहिल्या दिवशी पळण्यापेक्षा चालणंच जास्त. वेग किती ठेवावा याची परीक्षाही सोपी आहे. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा, लाज न बाळगता चालायला लागायचं.

हा संयम कशासाठी, हे कळलं की बाकीचे बरेच गैरसमज आपोआप सुटतात. नियमित पळायला लागल्यावर हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतं. स्नायूही लवकर तयार होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांना महिने लागतात. म्हणून दीड-दोन महिन्यांनी माणसाला वाटतं, आता दम आला, वाढवूया अंतर. नेमकं तेव्हाच नडगी ठणकायला लागते किंवा टाचेमागची शीर धरते. छाती हो म्हणत असते, पाय अजून तयार नसतात.

यावर तोडगा म्हणून ‘दर आठवड्याला दहा टक्केच वाढवा’ हा नियम सर्रास सांगितला जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे तो पाचशेहून अधिक नवशिक्यांवर तपासून पाहिला गेला. एका गटाने १३ आठवड्यांत दहा टक्क्यांच्या हिशेबाने तयारी केली, दुसऱ्याने आठ आठवड्यांत. २००८ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, साधारण पाचातल्या एकाला. म्हणजे टक्केवारी पाळली की आपण सुरक्षित, असं नाही. दुसऱ्या दिवशीही एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, तर त्या दिवशी पळू नये. दोन्ही मांड्या सरसकट भरून आल्या असतील तर काळजीचं कारण नाही. ते ‘लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे’ होतं असं व्यायामशाळेत सांगतात, तेही चूक. लॅक्टिक ॲसिड तासाभरात निघून जातं. दुखतं ते सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि ते दोन-चार दिवसांत ओसरतं.

घरची मंडळी मात्र सर्वात आधी गुडघ्यांचीच भीती घालतात. ‘पळून पळून गुडघे झिजतील.’ २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून, एक लाखाहून अधिक लोकांच्या माहितीचं विश्लेषण झालं. हौसेने पळणाऱ्यांत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या सांध्याची झीज ३.५ टक्के लोकांत आढळली, बैठं जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के लोकांत. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र ती १३.३ टक्के होती. या आकड्यांवरून पळणं हे गुडघ्यांचं औषध आहे असं म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते मुळात पळतच नाहीत. पण माफक पळण्याने चांगला गुडघा बिघडतो, या समजुतीला आधार नाही, एवढं नक्की.

बुटांचं थोडक्यात. तळव्याची कमान पाहून ‘योग्य प्रकारचा’ महागडा बूट घेतला की दुखापत टळते, हा दावा अमेरिकी सैन्यदलांत नव्याने भरती झालेल्या हजारो जवानांवर तपासला गेला आणि टिकला नाही. पायाला न चावणारा, पुढे बोटं हलवता येतील असा बूट पुरे. अनवाणी पळणं नैसर्गिक म्हणून उत्तम, हेही अर्धसत्य आहे. लहानपणापासून अनवाणी वावरलेल्या पायाची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं बूट घातलेल्या पायांनी एका आठवड्यात ते सोडले तर पावलाच्या हाडांवर ताण येतो.

कोकणच्या हवेत मात्र खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घाम गाळला की चरबी गळते, असं समजून काही जण उकाड्यातही जाकीट चढवून पळतात. घाम शरीराला थंड करतो तो सुकताना. एप्रिल-मेच्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता निथळतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. वजनकाट्यावर कमी दिसतं ते पाणी, दोन तांबे प्यायले की परत येतं. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्यानंतर काही उमेदवारांनी प्राण गमावले. घरचं कुणी नोकरीसाठी मैदानावर जावं आणि परत येऊ नये, यापेक्षा वाईट काय असणार. उष्म्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर कमी, वेग कमी आणि वेळ पहाटेची. चक्कर, मळमळ, अंगावर काटा आला की तिथेच थांबून सावली गाठायची.

पण घाबरून तांब्यावर तांबे पाणी पिणंही धोक्याचं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेलं आढळलं, आणि त्यामागचं मुख्य कारण अति पाणी पिणं हे होतं. अर्ध्या तासाच्या पळण्याला तहानेपुरतं पाणी पुरतं.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. वयाचा मुद्दा त्यामानाने किरकोळ आहे. ‘पळणं रक्तात असावं लागतं’ असं म्हणणाऱ्यांसाठी अविनाश साबळेचं उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर जायचा. पण स्पर्धेसाठी धावणं त्याने सुरू केलं ते सैन्यात गेल्यावर, विशी गाठल्यानंतर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने रौप्यपदक मिळवलं.

राहिला प्रश्न पळायचं कुठे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पायी जायला बंदीच आहे. जुन्या महामार्गावर आणि कर्जतच्या अरुंद रस्त्यांवर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने, उजव्या कडेने पळावं. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा घाट नवशिक्याने सोडून द्यावा. चढात दम लागतो तो कळतो तरी. उताराने मांड्यांना किती मार दिला ते दुसऱ्या दिवशी जिना उतरतानाच समजतं. नेरळवरून माथेरान गाठता येत असेल तर उत्तम. तिथे मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. सुमारे ८०० मीटर उंचीमुळे हवा गार असते, झाडांची सावली मिळते. मुख्य वाटेवर काही भागात पेव्हर ब्लॉक आले असले तरी पॉइंटांकडे जाणाऱ्या लाल मातीच्या वाटा अजून आहेत. माती मऊ म्हणून दुखापत होणारच नाही, असं मात्र समजू नये. मुळांत पाय अडकतो, पावसाळ्यात शेवाळावरून घसरतो, आणि घोडा आला की बाजूला व्हावं लागतं.

भातकापणी उरकून थंडी पडायला लागली, की कर्जत-खोपोलीच्या या पट्ट्यात पळायला सुरुवात करण्याचे सर्वात सोपे दिवस येतात. नोव्हेंबरात ६० सेकंदांनी सुरू केलेला माणूस जानेवारी संपेतो सलग अर्धा तास पळू शकतो.