लीला राव

इंग्लंडमधील विम्बल्डन येथे १८८४ साली स्त्रियांचे टेनिस सामने सुरू झाले. मॉड वॉटसन ही इंग्रज युवती पहिली विजेती ठरली. पुढे बरोबर ५० वर्षांनी, १९३४ साली, मुंबईच्या लीला राव यांनी त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथे विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. दुसऱ्या फेरीत त्या पराभूत झाल्या. परंतु भारतीय स्त्रीही तेथे जिंकू शकते, हे सिद्ध झाले. त्यांच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव संस्कृत कवयित्री होत्या आणि टेनिसही उत्तम खेळत. पुढे लीलाबाईंनीही आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली. मुलांनो, क्रीडांगण व ग्रंथालय यांत वैर नाही, हे या मायलेकींच्या चरित्रांतून ध्यानी घ्यावे.